पत्ता लिहिला की कार्ड पुरं होतं
परमुलखातले कागद : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण जपानमधल्या नोकरीसाठी लागणारं पात्रता प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारा व्हिसा इथपर्यंत आलो होतो. आज विमान तोक्योत उतरलं आहे असं धरू. पासपोर्टावरच्या व्हिसाचं काम विमानतळावरच्या खिडकीशी संपतं. त्यापुढची सगळी वर्षं ज्या एका वस्तूवर चालतात, ती त्याच खिडकीतून तुमच्या हातात येते. तिचं नाव झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र.

तीन महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाची परवानगी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते मिळतं. नारिता, हानेदा, कान्साई, चुबू अशा मोठ्या विमानतळांवर लगेच मिळतं. लहान विमानतळावर उतरलात तर पत्ता नोंदवल्यानंतर टपालानं घरी येतं. पर्यटकाला किंवा चार दिवसांच्या कामासाठी आलेल्याला ते मिळत नाही.

कार्ड हातात आलं की ते नीट वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. नाव, जन्मतारीख, देश, रहिवासाचा प्रकार, मुदत संपण्याची तारीख आणि नोकरी करता येते की नाही याची ओळ, हे सगळं समोरच्या बाजूला असतं. बारा खुणांचा क्रमांक असतो: आधी दोन रोमन अक्षरं, मग आठ आकडे, पुन्हा दोन अक्षरं. आत चिप असते. पत्त्याच्या रकान्यात मात्र पत्ता नसतो. पत्ता अजून ठरलेला नाही, नोंदवल्यावर मागच्या बाजूला लिहिला जाईल, एवढंच तिथं जपानीत छापलेलं असतं. नवखा माणूस ही ओळ वाचत नाही. वाचली तरी तिचं महत्त्व त्याच्या लक्षात येत नाही. ज्या कार्डावर पत्ता नाही, त्याच्या भरवशावर ना बँकेत खातं उघडतं, ना फोनची जोडणी मिळते.

पत्ता लिहून घ्यायचा तो वॉर्ड ऑफिसात. तिथली आपली मंडळी त्याला कुयाकुशो म्हणतात. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत तिथं जायचं, टोकन घ्यायचं, अर्ज भरायचा आणि कार्ड खिडकीत द्यायचं. थोड्या वेळानं ते परत येतं, तेव्हा मागच्या कोऱ्या चौकटीत तारीख, पत्ता आणि कार्यालयाचा शिक्का असतो. घरातल्या सगळ्यांची कार्डं एकदमच न्यावीत. पती-पत्नी आणि मुलं यांचं नातं दाखवणारे दाखलेही जपानी भाषांतरासह बरोबर ठेवावेत. मग कुटुंबाची नोंद एकत्र होते आणि पुढचे हेलपाटे वाचतात.

या एका फेरीत दोन कामं होतात आणि दुसरं काम पहिल्याहून मोठं आहे. कार्डावर पत्ता चढतो तो सर्वांना दिसतो. त्याच वेळी तुमचं नाव वॉर्डाच्या रहिवासी नोंदवहीत चढतं. या नोंदीचा उतारा म्हणजे जूमिनह्यो. आरोग्य विमा, मुलांची शाळा, बालभत्ता, स्थानिक कर, लसीकरणाची पत्रं हे सगळं या नोंदीवरून चालतं. कार्ड तुम्हाला देशात राहू देतं, नोंदवही तुम्हाला त्या गावचं माणूस करते.

हे दोन धागे कायम एकत्र नव्हते. ही हकीकत माहीत नसली तर आजच्या कार्डाची किंमत कळत नाही, म्हणून थोडं मागे जाऊ. परदेशी लोकांच्या नोंदणीचा जुना कायदा २८ एप्रिल १९५२ रोजी जाहीर झाला. त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार अंमलात आला आणि वसाहतकाळापासून जपानमध्ये राहणाऱ्या लाखो कोरियन आणि तैवानी लोकांचं जपानी नागरिकत्व गेलं. कालपर्यंत ते प्रजाजन होते, आज परदेशी ठरले. त्यांच्या हाती नोंदणीचं पुस्तक आलं आणि १९५५ पासून त्यावर बोटांचे ठसे देणं सक्तीचं झालं. जपानमध्येच जन्मलेल्या, जपानीच बोलणाऱ्या मुलांनाही ठराविक वय झालं की कार्यालयात जाऊन शाईत बोट बुडवावं लागे. १९८० च्या दशकात अनेकांनी ठसे द्यायला नकार दिला, खटले आणि अटक पत्करली. त्यांच्या चिकाटीमुळं १९९३ साली कायम रहिवाशांची आणि २००० साली बाकी सगळ्यांची या नोंदणीसाठीच्या ठशांतून सुटका झाली. २००७ पासून देशात शिरताना बोटं यंत्रावर टेकवावी लागतात, पण ती वेगळी तरतूद आहे आणि कोरियन वंशाच्या विशेष कायम रहिवाशांना ती लागू नाही.

ठसे गेले तरी नोंदवहीचं दार बंदच होतं. परदेशी माणसाची नोंद वेगळ्या वहीत आणि जपानी शेजाऱ्याची जूमिनह्योत, अशी विभागणी होती. एखाद्या परदेशी नवऱ्याची बायको जपानी असेल, तर घराच्या उताऱ्यावर बायको-मुलं दिसत, नवरा दिसत नसे. २००२ साली तोक्योजवळच्या तामा नदीत एक सील दिसला. लोकांनी त्याला तामा-चान म्हणून डोक्यावर घेतलं. २००३ च्या फेब्रुवारीत योकोहामाच्या निशी वॉर्डानं त्याला मानाचं जूमिनह्यो दिलं. तेव्हा काही परदेशी रहिवासी चेहऱ्यावर सीलच्या मिशा रंगवून रस्त्यावर आले. वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या आम्हाला जे मिळत नाही ते सीलला मिळतं, हे त्यांना दाखवायचं होतं. मला तो निषेध फार मोलाचा वाटतो. तक्रार कडवट होती, पण मांडली ती अशी की कुणालाही टाळता येऊ नये.

९ जुलै २०१२ रोजी जुना कायदा रद्द झाला. नवं कार्ड इमिग्रेशन खात्याकडे गेलं आणि परदेशी रहिवासी त्याच दिवसापासून शेजाऱ्यांच्याच नोंदवहीत आले. म्हणून वॉर्ड ऑफिसातली ती फेरी मला उपचाराची वाटत नाही. ज्या हक्कासाठी आधीच्या पिढ्यांनी इतकं सोसलं, तो आपल्याला एका अर्जावर मिळतो. तोही काही जण आळसानं लांबवतात, हे बघवत नाही. लांबवण्याची शिक्षाही लहान नाही. ९० दिवसांत पत्ता नोंदवला नाही, तर रहिवासाचा दर्जाच रद्द होऊ शकतो.

आता कार्ड जवळ बाळगण्याविषयी. सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांनी ते सतत जवळ ठेवलं पाहिजे. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जातानाही. कार्ड जवळ नसलं तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांनी मागितल्यावर दाखवायला नकार दिला, तर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कार्ड जवळ असेल तर पासपोर्ट खिशात बाळगायची गरज नाही. भारतातून आई-बाबा ९० दिवसांसाठी आले असतील, तर त्यांचा नियम उलटा आहे. त्यांना कार्ड नसतं, त्यामुळं बागेत फिरायला जातानाही पासपोर्ट त्यांच्या अंगावर हवा. तो कपाटात कुलूपबंद करून ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी ही सवय आजच मोडावी.

कार्ड मागण्याचा अधिकार कुणाला आहे, हेही माहीत असावं. पोलीस, इमिग्रेशन अधिकारी, तटरक्षक दल अशा कायद्यात नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच तो आहे. नोकरी देणाऱ्यानं रहिवासाचा दर्जा तपासणं वेगळं, ते त्याचं कर्तव्यच आहे. बँक आणि फोन कंपनी ओळख पटवायला कार्ड मागतात, तेही रास्त आहे. हॉटेलात मात्र जपानमधला पत्ता लिहिणाऱ्या रहिवाशानं कार्ड किंवा पासपोर्ट दाखवण्याची कायद्यानं सक्ती नाही. नम्रपणे तसं सांगावं.

पोलीस रस्त्यात थांबवतात तेव्हा बहुतेक वेळा चेहरा बघूनच थांबवतात, ही तक्रार जुनी आहे. २०२४ च्या जानेवारीत परदेशी वंशाच्या तीन रहिवाशांनी याविरुद्ध तोक्योच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. त्यातले एक जपानी नागरिक झालेले आहेत. नागरिकाकडे झाइर्यू कार्ड नसतंच, मग त्यानं दाखवायचं काय? कार्ड बाळगण्याची सक्ती आणि चेहऱ्यावरून केलेली पारख एकत्र आली की असा अन्याय होतो. कायद्याचं पालन आपण करूच, पण ही पद्धत चूक आहे हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मराठी माणसाची खास अडचण नावाची. पासपोर्टावर आपलं स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. कार्डावर ते जसंच्या तसं उतरतं: आडनाव आधी, मग उरलेलं सगळं, रोमन मोठ्या अक्षरांत. म्हणजे अनिकेत सुरेश देशपांडे हे ‘देशपांडे अनिकेत सुरेश’ होतात आणि पुष्कळ ठिकाणी सुरेश हेही त्यांचंच नाव धरलं जातं. बँकेला हेच नाव जपानी काताकाना लिपीत लागतं. एका ठिकाणी देशुपांदे, दुसरीकडे देसुपांदे, तिसरीकडे जागा पुरली नाही म्हणून सुरेश गाळलेला, असं झालं की पगार किंवा परतावा अडकतो. उपाय एकच: काताकानातलं नाव पहिल्याच दिवशी ठरवा, कागदावर लिहून ठेवा आणि वॉर्ड ऑफिस, बँक, कंपनी, फोन सगळीकडे तेच द्या. लग्नानंतर पासपोर्टावरचं नाव बदललं तर तेही १४ दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवून कार्ड बदलून घ्यावं लागतं.

हा १४ दिवसांचा आकडा या कार्डाच्या संसारात सतत भेटतो. घर बदललं, नोकरी बदलली, कार्ड हरवल्याचं लक्षात आलं, तर प्रत्येक वेळी मुदत तेवढीच. नोकरीचा बदल ऑनलाइनही कळवता येतो. कार्ड हरवलं तर आधी पोलीस चौकीत नोंद करून तिथून मिळणारा दाखला इमिग्रेशनच्या कार्यालयात न्यायचा. जपानमध्ये मूल जन्मलं तर घाई थोडी वेगळी. जन्माची नोंद १४ दिवसांत वॉर्डात, रहिवासाचा अर्ज ३० दिवसांत इमिग्रेशनकडे, आणि मधल्या वेळात भारतीय दूतावासातून बाळाच्या पासपोर्टाची तजवीज. बाळंतिणीच्या धावपळीत हे राहून जाऊ नये, म्हणून अर्ज आधीच आणून ठेवावेत.

मुदतवाढीचा अर्ज तीन महिने आधीपासून करता येतो. मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, जुन्या दर्जावर राहता येतं. एप्रिल २०२५ पासून त्याचं शुल्क चार हजारांवरून सहा हजार येन झालं आहे, ऑनलाइन केल्यास साडेपाच हजार. नवं कार्ड मिळालं की इथं बहुतेक जण सुस्कारा टाकतात आणि दुसरं एक कार्ड विसरतात. रहिवासी नोंदीवरून मिळणारं माय नंबर कार्ड, ज्यावर आता आरोग्य विमाही चालतो, त्याची मुदत परदेशी माणसाच्या रहिवासाशी बांधलेली असते. रहिवासाची मुदत वाढली तरी ते आपोआप वाढत नाही. जुनी मुदत संपण्याआधी वॉर्ड ऑफिसात जाऊन वाढवून घ्यावं लागतं, नाही तर ते रद्द होतं. ही दोन कार्डं एकत्र करण्याचा कायदा २०२४ साली झाला, तो सोयीचाच आहे.

या कार्डावर मत देता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कायम रहिवाशालाही नाही. २०१९ साली तोक्योच्या एडोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक त्याआधीच जपानी नागरिक झाले होते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळं ती वाट निवडणाऱ्याला भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. झाइर्यू कार्डही १४ दिवसांत परत करायचं असतं.

एक विनंती करून थांबते. पुष्कळ मराठी घरांत सगळ्यांची कार्डं आणि तारखा नवऱ्याच्याच डोक्यात असतात. बायको आश्रिताच्या दर्जावर आलेली असते, आठवड्याला २८ तासांची नोकरीची परवानगी घेतलेली असली तर ती आपल्याच कार्डाच्या पाठीवर छापलेली असते हे तिला माहीत नसतं. नवरा गेला किंवा घटस्फोट झाला, तर १४ दिवसांत ते कळवण्याची जबाबदारी कायद्यानं तिच्यावर असते, हेही तिला कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा आज रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांची कार्डं टेबलावर काढा आणि ज्याचं त्यानं आपलं कार्ड स्वतः वाचा. पुढच्या आठवड्यात आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांकडे वळू. तुमच्या वॉर्डातून आलेली निळी-हिरवी पाकिटं तोवर फेकू नका.