खोगिराच्या शिफारशीत दलालीचा पेच

घोडेस्वारी शिकणारा विद्यार्थी स्वतःचा घोडा घेईपर्यंत खोगिराचा विचार सहसा करीत नाही. शाळेचा घोडा आणि शाळेचेच खोगीर यांवर त्याचे भागते. घोडा आला, की कोणते खोगीर घ्यावे, हा प्रश्न साहजिकच प्रशिक्षकाकडे जातो. अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत चांगल्या नव्या खोगिराला काही हजार डॉलर वा पौंड पडतात. त्यामुळे प्रशिक्षकाच्या शब्दाला आर्थिक मोल येते. प्रशिक्षकाला सवलतीत खोगीर देणे, त्याच्या शिफारशीने झालेल्या विक्रीवर दलाली देणे, हे मार्ग या व्यवसायात परिचित आहेत. दलालीत मुळात गैर काही नाही. ती विद्यार्थ्यापासून लपवली गेली, की पेच निर्माण होतो.

खोगीर म्हणजे नुसते चामड्याचे आसन नव्हे. आत ताठ सांगाडा असतो, खाली लोकरीने वा फोमने भरलेल्या दोन गाद्या आणि मधोमध कण्यासाठी मोकळी वाट. सांगाडा अरुंद असला, तर मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना चिमटा बसतो. फार रुंद असला, तर खोगीर पुढे झुकून त्या उंचवट्यावरच टेकते. गादीतील लोकर कालांतराने दबते, ती पुन्हा भरून घ्यावी लागते. (मराठीत हेटाळणीचा शब्द ठरलेली ‘खोगीरभरती’ प्रत्यक्षात कसबाचे काम आहे.) वय, खुराक आणि मेहनत यांनुसार घोड्याची पाठही बदलते. एका घोड्याला नेमके बसलेले खोगीर शेजारच्या घोड्याला बसेलच, असे नाही. म्हणूनच एका तबेल्यातील साऱ्या विद्यार्थ्यांकडे एकाच कंपनीचे खोगीर दिसू लागले, तर शंकेला जागा राहते.

घोड्याला तक्रार सांगता येत नाही. तंग आवळताना तो कान मागे पाडतो, चावायला धावतो, उडी नाकारतो. दाब दीर्घकाळ राहिला, तर त्या जागी पांढरे केस उगवतात. पण तोवर त्याच्या वागण्याचा अर्थ लावणारा प्रशिक्षकच असतो. ज्याने खोगीर सुचवले, त्यालाच घोडा हट्टी आहे की खोगीर चुकले आहे, याचा निवाडा करावा लागतो. हेतू प्रामाणिक असला, तरी स्वतःच्या शिफारशीविरुद्ध कौल देणे कोणालाही जडच जाते.

कायद्याचा आधार अपुरा आहे. अमेरिकेतील केंटकी राज्याने २००६ मध्ये शर्यतीच्या व प्रदर्शनाच्या घोड्यांच्या व्यवहारात दोन्ही बाजूंचा दलाल होण्यासाठी उभयतांची लेखी संमती बंधनकारक केली. परंतु तो कायदा घोड्यांपुरता आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या २००९ आणि २०२३ मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करावा लागतो. मात्र तो रोख जाहिरातींवर आहे. सरावानंतर तबेल्यात दिलेला तोंडी सल्ला तपासायला कोण जाणार?

ब्रिटनमध्ये १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स’ खोगीर बसवून देणाऱ्यांना प्रशिक्षण देऊन पात्र ठरवते. अर्थात, त्यांच्यापैकी अनेकांचा स्वतःचा विक्री व्यवसायही असतो. त्यापेक्षा केवळ तपासणीचे शुल्क घेणारा, विकायला काही नसलेला जाणकार मिळाल्यास उत्तम. स्वाराची बैठक प्रशिक्षकच चांगली ओळखतो, तेव्हा त्याला वगळणेही शहाणपणाचे नाही. या विक्रीतून त्याला काही मिळणार आहे का, एवढे पैसे देण्यापूर्वी सरळ विचारावे आणि काही दिवस वापरून खोगीर परत करण्याची मुभा विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.