घरफोडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसई-विरार हे रोज सकाळी रिकामं होणारं शहर आहे. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांतून पहाटेपासून लोकल भरभरून मुंबईकडे जातात आणि कामाला गेलेली माणसं दिवेलागणीनंतर परततात. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे 12 लाख 22 हजार होती. त्यानंतर पूर्वेला महामार्गाच्या दिशेने आणि पश्चिमेला बोळींजकडे नवी संकुलं उभी राहिली. 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि पुढे पेल्हार, आचोळे, नायगाव अशी नवी पोलीस ठाणी मिळाली. तरीही प्रत्येक दारापाशी शिपाई उभा राहू शकत नाही. घराची पहिली राखण घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनीच करायची असते. ती नीट व्हायची तर आपल्या मनात पक्के बसलेले काही समज आधी तपासायला हवेत.

गैरसमज 1: चोर रात्री येतात.

वस्तुस्थिती: घरफोडी करणाऱ्याला अंधारापेक्षा रिकामं घर हवं असतं. नोकरदारांच्या वसाहतीत असं घर भर दुपारी सहज मिळतं. आई-वडील कामावर, मुलं शाळेत किंवा क्लासला, समोरचा फ्लॅट बंद, वरच्या मजल्यावरचे गावाला गेलेले. अशा वेळी जिन्यात कोण चढलं हे पाहायलाही कोणी नसतं. कायद्यालाही दिवसाची घरफोडी ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 नुसार चोरीसाठी केलेल्या घरफोडीला दिवसा 10 वर्षांपर्यंत आणि रात्री 14 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

धोक्याची वेळ घड्याळापेक्षा आपल्या दिनक्रमावरून ओळखावी. गणपतीत आणि होळीला कोकणात गेलेली कुटुंबं, मे महिन्याची सुट्टी, लग्नसराईचे दिवस, नाताळच्या आदल्या रात्री गावच्या गाव चर्चमध्ये जमतं ती वेळ. आपण केव्हा घराबाहेर असणार हे ज्याला आधी कळतं, त्याला घड्याळाची गरज पडत नाही. म्हणून सहलीचे फोटो परत आल्यावर टाकावेत. गावाला जाताना दूध आणि पेपर बंद करावा. दारात साचलेले पेपर घर बंद असल्याची खबर देतात.

गैरसमज 2: चांगलं, महागडं कुलूप लावलं की काम झालं.

वस्तुस्थिती: घरफोडीच्या बातमीत बहुतेक वेळा "कडी-कोयंडा तोडून" हे शब्द असतात. कुलूप जागच्या जागी लटकत राहतं आणि कोयंडा मात्र चौकटीतून उखडलेला असतो. नव्या इमारतींत बिल्डरने दिलेली चौकट हलकी असते, कोयंडा आखूड स्क्रूंवर बसवलेला असतो आणि कटावणीचा एक जोर त्याला पुरतो. म्हणून दुरुस्तीची सुरुवात चौकटीपासूनच करावी. कोयंडा आणि बिजागऱ्या लांब स्क्रूंनी किंवा आरपार बोल्टने घट्ट बसवाव्यात. बाहेर लटकणाऱ्या कुलपाऐवजी दाराच्या आत बसणारं, एकापेक्षा जास्त दांड्यांचं कुलूप घ्यावं, कारण घर बंद आहे की उघडं हे त्यावरून बाहेरच्याला कळत नाही. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर त्यालाही स्वतंत्र कुलूप हवं.

दारं-खिडक्या मजबूत केल्याने काय साधतं याचा पुरावा नेदरलँड्समध्ये आहे. 1 जानेवारी 1999 पासून तिथे नव्या घरांना चोरीला तोंड देतील अशी दारं आणि खिडक्या बसवणं सक्तीचं झालं. पुढे झालेल्या अभ्यासात नव्या घरांतल्या घरफोड्या सुमारे 26 टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या, आणि चोर शेजारच्या जुन्या घरांकडे वळल्याचंही दिसलं नाही. पहिल्या काही मिनिटांत दार उघडलं नाही, आवाज झाला, की बहुतेक चोर काढता पाय घेतात.

चौकटीइतकंच लक्ष मागच्या बाजूला द्यावं. संडास-बाथरूमच्या काचपट्ट्या, स्वयंपाकघराची सरकती खिडकी, गच्चीचं न लागणारं दार, पाइपावरून हाताला येणारी गॅलरी. निर्मळ, गास, भुईगावकडच्या वाडीतल्या घरांत ओट्यावरचं दार भक्कम असतं, पण परसदाराला साधी कडी असते. त्या बाजूला केळी आणि झाडोरा असल्याने तिथे काय चाललंय ते रस्त्यावरून दिसत नाही. खिडकीला ग्रिल लावताना मात्र एक भाग आतून उघडणारा ठेवावा. आगीच्या वेळी बंद पिंजऱ्यातून बाहेर पडता येत नाही.

गैरसमज 3: सीसीटीव्ही आहे, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती: कॅमेरा पाहतो, अडवत नाही. जगभरात 40 वर्षांत झालेल्या अभ्यासांचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांचा सर्वात मोठा उपयोग वाहनतळांवर झाल्याचं त्यात आढळलं. जिथे माणूस पडद्यावर सतत लक्ष ठेवून होता तिथे गुन्हे घटले. जिथे नुसतं चित्रण साठत राहिलं तिथे ठळक फरक पडला नाही.

तपासात मात्र कॅमेऱ्याचं मोल मोठं आहे, पण तो नीट बसवलेला असेल तरच. आपल्याकडे तो बहुधा उंचावर टांगलेला असतो, त्यामुळे टोपी आणि छत्रीच्या पलीकडे काही दिसत नाही. निदान एक कॅमेरा फाटकापाशी, चेहरा टिपेल इतक्या उंचीवर हवा. त्यातली तारीख-वेळ बरोबर हवी. पावसाळ्यात वीज गेली तरी तो चालेल अशी बॅटरी किंवा इन्व्हर्टर हवा. चित्रण साठवणारा डीव्हीआर वॉचमनच्या टेबलावर उघडा ठेवू नये. चोरांनी जाताना डीव्हीआरच उचलून नेल्याची उदाहरणं आहेत. चित्रण महिनाभर तरी साठलेलं राहावं, कारण रेकी करणारा माणूस चोरीच्या आधीच येऊन गेलेला असतो.

गैरसमज 4: वॉचमन आहे, भाडेकरूंची पोलिसांत नोंद आहे, म्हणजे सोसायटी सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती: सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानुसार परवाना लागतो. रक्षकाची पार्श्वभूमी तपासणं आणि त्याला प्रशिक्षण देणं ही त्या एजन्सीची जबाबदारी असते. किती सोसायट्या करार करताना तो परवाना मागतात? बारा-बारा तास उभा राहणारा, पंपापासून कचऱ्यापर्यंत सगळं पाहणारा एकटा म्हातारा माणूस चार विंगा राखू शकत नाही. त्याला टॉर्च, शिटी, कमिटीचे फोन नंबर आणि हक्काची झोप मिळाली तर तो खरंच उपयोगी पडतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावीच. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. पण कागद झाला म्हणजे ओळख झाली असं नाही. भाडेकरूला सोसायटीच्या ग्रुपवर आणि बैठकीत जागा द्यावी. जो आपल्यात सामावला गेला, तो शेजाऱ्याच्या दाराकडेही लक्ष ठेवतो.

गैरसमज 5: चोर बाहेरचे असतात, आणि ते दिसण्यावरून ओळखू येतात.

वस्तुस्थिती: सगळ्या गैरसमजांत हा सर्वात घातक आहे, कारण त्याने माणसं मेली आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या. 16 एप्रिल 2020 च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांचा जीव गेला. त्या भागातही चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या, आणि गावकरी रात्री पहारा देत होते. पहारा राखणीसाठी होता. अफवेने त्याचा जमाव केला.

विशिष्ट जमातींना जन्माने चोर ठरवण्याचं काम इंग्रज सरकारने 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. पारधी आणि इतर विमुक्त जमातींवरचा संशय मात्र अजून रद्द झालेला नाही. आजही एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर "या वर्णनाच्या बायका दिसल्या तर सावध राहा" असा मजकूर येतो. तो कोणी लिहिला, कुठला, केव्हाचा, हे न विचारता तो पुढे पाठवला जातो.

पोशाखापेक्षा घराची माहिती कोणाला आहे हे महत्त्वाचं. किल्ली कुठे असते, कपाट कोणतं, घर केव्हा रिकामं असतं, हे ठाऊक असलेला माणूस बाहेरचाच असेल असं नाही. 29 जुलै 2021 रोजी विरार पूर्वेला एका बँकेच्या शाखेवर हल्ला होऊन एका महिला अधिकाऱ्याचा जीव गेला. त्यात अटक झाली ती त्याच शाखेच्या माजी व्यवस्थापकाला. याचा अर्थ ओळखीच्या प्रत्येकावर संशय घ्यावा असा नाही. लक्ष माणसाच्या वागण्यावर ठेवावं. एकामागून एक बंद दारांच्या बेल वाजवणारा, पत्ता विचारल्यावर गडबडणारा, गच्चीकडे कारण नसताना जाणारा, तोंड झाकून जिन्यात थांबलेला. अशा माणसाला शांतपणे विचारावं: "कोणाकडे जायचंय?" खरं काम असलेला माणूस उत्तर देतो. शंका राहिली तर 112 वर फोन करावा. चोर प्रत्यक्ष सापडला तरी त्याला मारहाण करणं हा गुन्हा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार नागरिकाने पकडलेल्या आरोपीला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावं लागतं.

गैरसमज 6: एकदा चोरी झालेल्या घरात चोर परत येत नाही.

वस्तुस्थिती: उलट, ज्या घरात चोरी झाली त्या घराला आणि त्याच्या आसपासच्या घरांना पुढचे काही आठवडे जास्त धोका असतो. चोराला आता आतली रचना माहीत असते, तुटलेलं दार अजून तसंच असतं, आणि नेलेल्या टीव्हीच्या जागी नवा येणार हेही त्याला कळतं. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरातल्या किर्कहोल्ट वसाहतीत 1986 पासून नेमक्या या मुद्द्यावर काम झालं. घरफोडी झालेल्या घराची दारं-कुलपं लगेच मजबूत केली गेली आणि त्या घराभोवतीच्या पाच-सहा कुटुंबांना त्यावर लक्ष ठेवायची विनंती केली गेली. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या.

ही रीत आपल्याला परकी नाही. चाळीत ती न ठरवता चालत होती. आज प्रत्येक मजल्यावर ती ठरवून करावी लागेल. शेजारी चोरी झाली की घाबरून आपली कडी लावून बसू नये. आधी त्यांचं दार दुरुस्त करायला सुतार बोलवावा.

गैरसमज 7: तक्रार करून काय उपयोग? गेलं ते गेलं.

वस्तुस्थिती: तक्रार झाली नाही तर चोर सापडला तरी त्याच्याकडचं मंगळसूत्र कोणाचं हे सिद्ध होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तक्रारदाराला बरेच हक्क दिले आहेत. कलम 173 नुसार हद्द कोणत्याही ठाण्याची असो, तक्रार घ्यावी लागते. ती ऑनलाइनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जप्त झालेल्या वस्तूंची नोंद आणि छायाचित्रण न्यायालयाने 14 दिवसांत करावं आणि त्यानंतर 30 दिवसांत त्यांच्याबाबत आदेश द्यावा, अशी तरतूद कलम 497 मध्ये आहे.

आपल्या बाजूने दोन गोष्टी कराव्यात. दागिन्यांच्या पावत्या आणि प्रत्येक दागिन्याचा जवळून काढलेला फोटो घराबाहेर कुठेतरी साठवून ठेवावा. घरी आल्यावर दार तुटलेलं दिसलं तर आत जाऊ नये, चोर आतच असू शकतो. आधी 112 ला कळवावं. पोलीस येईपर्यंत कपाट, ड्रॉवर, कडी, कशालाच हात लावू नये. पाहायला आलेल्या शेजाऱ्यांचे हात लागले की ठसेतज्ज्ञांना काही उरत नाही.

गैरसमज 8: घराचा विमा आहे, दागिने लॉकरमध्ये आहेत.

वस्तुस्थिती: गृहकर्जाबरोबर घेतलेला विमा बहुधा आग, पूर, भूकंप यांचा असतो. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीतही चोरीचं संरक्षण अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांपुरतंच आहे. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. लॉकर घरापेक्षा नक्कीच सुरक्षित, पण 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंतच असते. भाडं 3,000 रुपये असेल तर 3 लाख. विम्याचे आणि लॉकरचे, दोन्ही कागद एकदा नीट वाचून घ्यावेत.

वसई-विरारच्या प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक आळीत आणि वाडीत एवढं करता येईल: चौकट तपासा, परसदाराला आणि गच्चीला खरं कुलूप लावा, समोरच्या घराचा फोन नंबर घ्या आणि आपला द्या, गावाला जाताना एका विश्वासू शेजाऱ्याला सांगून जा, आणि पडताळणी न झालेला एकही संदेश पुढे पाठवू नका. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, शेजाऱ्याशी बोलावं लागतं. येत्या रविवारी समोरच्या दाराची बेल वाजवून ते बोलणं सुरू करा.