हा एक्स-रे फोटो काढत नाही!

एक्स-रे म्हटलं की आपल्याला मोडलेल्या हाडाचा फोटो आठवतो. पण मटेरियल सायन्सच्या लॅबमधला एक एक्स-रे फोटो काढतच नाही. तो पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन बाहेर उडवतो आणि त्यांच्याकडूनच माहिती काढून घेतो. या तंत्राचं नाव एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजेच 'एक्सपीएस'.

ते लागतं कशाला? कार्बन नॅनोट्यूबचंच घ्या. १९९१मध्ये सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधानंतर या नळ्या जगभर गाजल्या. मजबूत आहेत, वीजही वाहून नेतात; पण पाण्यात टाकल्या की एकमेकींना चिकटून गोळा होतात. म्हणून त्या नायट्रिक अॅसिडमध्ये तापवतात. मग त्यांच्या अंगावर ऑक्सिजनचे गट बसतात आणि त्या पाण्यात नीट पसरतात. पण हे गट खरंच बसले का, आणि किती?

इथे बारावीचं फिजिक्स कामाला येतं. फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट! अॅल्युमिनियमचा एक्स-रे १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्यातून वजा केली, की तो अणूला किती घट्ट बांधलेला होता ते कळतं. नळीतला साधा कार्बन २८४.५च्या आसपास दिसतो, ऑक्सिजनशी एका बंधाने जोडलेला २८६च्या जवळ, तर कार्बोक्सिल गटातला २८९च्या जवळ. आणि हे सगळं फक्त वरच्या साधारण १० नॅनोमीटर थरातून! याच कामासाठी स्वीडनच्या काई सीगबान यांना १९८१मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या वडिलांनाही १९२४चं नोबेल एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपीसाठीच मिळालं होतं.

खरी गंमत पुढे आहे. हवेत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूवर कार्बनचा पातळ थर बसतोच. मग दिसलेला कार्बन नळीचा की हवेतला? त्यात सॉफ्टवेअर तुम्ही म्हणाल तितके पीक बसवून देतं. आलेख सुंदर जुळतो, पण अर्थ चुकलेला असू शकतो. आणि अॅसिड जास्त झालं, तर नळीची भिंतच तुटते, वीज वाहणं कमी होतं. म्हणजे 'ऑक्सिजन भरपूर' हा रिझल्ट नेहमीच आनंदाचा नसतो.

म्हणून प्रोजेक्ट करताय? मग अॅसिड न लावलेलं सॅम्पलही सोबत मोजा. ऑक्सिजनचा पीक कार्बनच्या हिशेबाशी जुळतो का, ते पाहा. २९१च्या आसपासचा छोटा उंचवटा शोधा. तो शाबूत असेल, तर नळीची भिंतही बरीचशी शाबूत असते. कॉलेजात मशीन नसेल, तर सरकारच्या 'आय-स्टेम' पोर्टलवर देशभरातल्या उपकरणांची माहिती मिळते.

आणि प्रत्येक पीकला एकच प्रश्न विचारा: तू इथे का आहेस? उत्तर नसेल, तर तो पीक खोडून टाका.