काकांची तीन गिअरची सायकल

लष्करातल्या आमच्या जुन्या घरी जिन्याखाली एक हिरवी इंग्रजी सायकल कितीतरी वर्षे उभी होती. काका होते तोवर तिला दुसऱ्या कुणी हात लावावयाचा नाही, असा घरचा दंडक होता. काका गेले, दंडक गेला, आणि त्यांच्याबरोबर सायकलही विस्मरणात गेली. गेल्या हिवाळ्यात पुतण्याने ती बाहेर काढली, टायर-ट्यूब नवे घातले आणि पहिल्याच दिवशी मुरारच्या वाटेवर तो आपटला. पायडलवर उभे राहून जोर दिला, तो पाय एकाएकी रिकामाच खाली गेला. गुडघा फुटला, त्याचे विशेष नाही. परंतु मिस्त्रीने मागचे चाक फिरवून पाहिले आणि निकाल दिला, की आतले गिअर संपले, हे सगळे काढून फेका आणि साधे हब व फ्रीव्हील बसवून घ्या.

पुतण्या तयार होता. मी मात्र चाक सायकलसकट घरी परत आणवले. त्या हबच्या जाड पोटावर काजळी पुसल्यावर ‘ए डब्ल्यू’ ही अक्षरे दिसली आणि त्यांच्याजवळ ‘५४’ हा आकडा. म्हणजे १९५४ साल. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी स्टर्मी-आर्चर कारखान्यात घडलेल्या हबांवर सालाचा असा शिक्का असे.

त्या कारखान्याच्या नावामागे एक गमतीची, आणि थोडी अन्यायाची, कथा आहे. विल्यम रायली नावाच्या कारागिराने १८९८ च्या सुमारास दोन गतींचे हब बाजारात आणले होते. पुढे तीन गतींची युक्तीही त्याला सुचली. परंतु आधीच्या कंपनीशी तो कराराने बांधलेला होता, म्हणून पेटंट घेतले गेले ते त्याचा सहकारी जेम्स आर्चर याच्या नावे. त्याच वेळी हेन्री स्टर्मी हा सायकलविषयक पत्रकार स्वतःचे निराळे तीन गतींचे हब घेऊन खटपट करीत होता. रॅले कंपनीचे मालक फ्रँक बाउडन यांनी दोघांचेही हक्क मिळवले आणि १९०३ पासून माल विकावयास काढला. नाव लागले स्टर्मीचे आणि आर्चरचे. आतली रचना मुख्यतः रायलीची. रायलीचे नाव कुणाच्याही सायकलवर कोरले गेले नाही.

आमच्या काकांचे ‘ए डब्ल्यू’ हे त्या घराण्यातले सर्वांत नावाजलेले हब. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते निघाले आणि थोड्या फेरफारांनी आजही निघते आहे. मात्र नॉटिंगहॅमात नव्हे. २००० साली तो कारखाना बंद पडला आणि धंदा तैवानच्या सनरेस कंपनीने विकत घेतला.

आता त्याच्या पोटात आहे तरी काय? मी शेजारच्या मुलांना हे सांगतो तेव्हा सूर्यमालेचाच दाखला देतो, कारण कारागिरांनीही तीच नावे दिलेली आहेत. मध्ये आसावर न फिरणारे, वीस दातांचे एक सूर्यचक्र. त्याच्याभोवती एका पिंजऱ्यात बसवलेली चार ग्रहचक्रे, प्रत्येकी वीसच दातांची. आणि या साऱ्यांना बाहेरून वेढणारे साठ दातांचे कडे, ज्याचे दात आतल्या अंगाला आहेत. चेनने कड्याला फिरवले आणि चाकाने पिंजऱ्याकडून गती घेतली, तर चेनच्या चार फेऱ्यांत चाकाच्या तीनच होतात. हा चढणीचा पहिला गिअर. उलट चेनने पिंजरा फिरवला आणि गती कड्याकडून घेतली, तर तीन फेऱ्यांत चार होतात. हा उताराचा तिसरा. मधला दुसरा गिअर साध्या सायकलसारखा सरळ, फेरीला फेरी. कुणाला कुणाशी जोडावयाचे हे आसाच्या पोटातून येणारी एक बारीक साखळी ठरवते, आणि ती साखळी हँडलवरच्या खटक्याला वायरने बांधलेली असते.

सारी मेख या वायरमध्ये आहे, आणि पुतण्याचा गुडघाही तिनेच फोडला. या जुन्या हबांत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक फट आहे. खटका दुसऱ्यावर असतानाच वायर ताणून सैल पडली, म्हणजे आतला जोड सरकून त्या फटीत येतो. तिथे चेन कशालाच जोडलेली नसते, पाय मोकळा फिरतो. उभ्याने जोर देणाऱ्या माणसाला हे फार महागात पडते. (सनरेसने पुढे काढलेल्या हबांत ही फट मिटवलेली आहे.) सैल वायरीमुळे गिअर सुटला की अडाणी माणूस आतले दाते झिजले असे समजतो. झिजलेले काही नसते.

उपाय पाच मिनिटांचा आहे. खटका दुसऱ्यावर ठेवावा. उजव्या बाजूच्या लांब नटाला एक खिडकी असते, तिच्यातून पाहावे. साखळीच्या मुळाशी असलेल्या दांडीचे टोक आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत आले पाहिजे. येत नसेल तर वायरीचा बारीक फिरकी-नट कमी-अधिक करावा. आमच्या सायकलीत ती दांडी जवळजवळ दाण्याएवढी आत गेलेली होती. वायर ताणली, तिन्ही गिअर जागेवर आले, आणि मिस्त्रीच्या निदानाचा प्रश्नच मिटला. मिस्त्रीला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सायकल म्हणजे एकच गिअर, त्याने असले हब उघडलेले तरी कधी असणार?

दुसरे पथ्य तेलाचे. जुन्या हबच्या पोटावर झाकण असलेले लहानसे छिद्र असते. महिन्यातून चार-पाच थेंब पातळ खनिज तेल त्यातून सोडावे, शिवणयंत्राचे चालते. खोबरेल मुळीच घालू नये, डिसेंबरात ग्वाल्हेरची थंडी त्याचे काय करते हे घरच्या बाटलीत दिसतेच. नव्या हबांना असे छिद्र नसते, त्यांत वंगण भरूनच येते. आणखी एक बारकावा: आसाच्या दोन्ही बाजूंच्या खाचेदार वॉशरशिवाय चाक कधी बसवू नये. आस जागीच अडकून राहावा म्हणून ते असतात. ते नसले तर आसच फिरू लागतो आणि साखळी तुटते. नेमके हेच वॉशर दुकानात हरवतात.

ज्यांना नवी सायकल घ्यावयाची आहे ते विचारतील, की आजकाल सात, आठ, अकरा, चौदा गिअरची हबे निघतात, मग तीनच का? जपानच्या शिमानोचे आठ गिअरचे हब सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमध्ये तिपटीहून थोडा अधिक फरक देते. जर्मनीच्या रोलोफने १९९८ मध्ये आणलेले चौदा गिअरचे हब सव्वापाच पटींचा देते, आणि त्याच्या पायऱ्या एकसारख्या आहेत. ते तेलात बुडलेले असते, तेल वर्षाकाठी बदलावे लागते. पाठीवर संसार बांधून हिमालयात हिंडणाऱ्यांसाठी ते योग्यच. परंतु किंमत पाहिली की आपण चालतच जावे असे वाटते. लष्कर ते मुरार करणाऱ्याला तीन गिअर पुष्कळ आहेत. त्याला खरी गरज दोनच ठिकाणी लागते, पडावच्या पुलावर आणि मे महिन्यात तोंडावर येणाऱ्या लूत.

मात्र तीन गिअर कुठून सुरू होतात हे पाहून घ्यावे, यात बहुतेक फसतात. काकांच्या सायकलीला पुढे अठ्ठेचाळीस दाते, मागे अठरा. अठ्ठावीस इंची चाकावर याचा अर्थ पायडलच्या एका फेरीत दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे सहा मीटर अंतर, पहिल्यात साडेचार आणि तिसऱ्यात आठ. पंचविशीतल्या पुतण्याच्याही मांड्या भरून येतात. मागचे चक्र बावीस दातांचे घातले की हेच आकडे पावणेपाच-पाच, साडेतीन-पावणेचार आणि साडेसहा मीटर असे उतरतात. नवे चक्र लागले एवढेच, हबला हात लावावा लागला नाही.

डिरेलरची, म्हणजे चेन या दात्यावरून त्या दात्यावर उडवणारी सायकल हलकी असते आणि पायाची शक्ती कमी वाया घालवते, हे खरे आहे. पण तिचा गिअर पाय फिरत असतानाच बदलतो. हबचा गिअर चौकात लाल दिवा लागून उभे राहिले तरी बदलता येतो. शिवाय चेन एकाच रेषेत चालत असल्याने तिच्यावर पूर्ण झाकण बसवता येते, आणि आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत हे झाकणच चेनचे आयुष्य ठरवते. नेदरलँड्समध्ये अशा झाकलेल्या, गिअर हबात असलेल्या सायकली घरोघरी वापरात आहेत. पंक्चरच्या वेळी मागचे चाक काढणे मात्र कटकटीचे होते. सुदैवाने आपला रस्त्यावरचा पंक्चरवाला चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतो.

काकांची सायकल आता पुतण्याकडे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पायडल मारताना तिच्यातून घड्याळासारखी टिकटिक येते, आणि पहिल्यात मात्र ती थांबते. संध्याकाळी पुलावर मी त्याच्या मागून चालत येत असलो, की टिकटिक बंद झाली म्हणजे गडी पहिल्यावर आला, एवढे न पाहता कळते. तेलाच्या छिद्राचे झाकण तेवढे हरवले आहे; सध्या तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा बसवलेला आहे.