अँजिओग्राफी साफ, तरी धाप का लागते?

हृदयाचा आजार म्हटला की आपल्या वस्तीत एकच शब्द तोंडी येतो : ब्लॉकेज. अँजिओग्राफीत नळ्या मोकळ्या निघाल्या की घरचे निर्धास्त होतात. पण काही वेळा धाप थांबत नाही, पाय सुजतात, जिना चढताना छाती आवळते. मग आपणच म्हणतो, "वय झालं आता." वयाच्या नावाखाली लपणाऱ्या अशाच एका आजाराची माहिती आम्ही या वेळी देत आहोत. त्याचं नाव हृदयाचा अमायलॉइडोसिस.

आजार होतो कसा?

शरीरातलं एखादं प्रथिन चुकीचं दुमडलं जातं, त्याचे बारीक तंतू बनतात आणि ते अवयवांत साठत जातात. या साठ्याला अमायलॉइड म्हणतात. हृदयात हे तंतू स्नायूच्या पेशींमधल्या जागेत बसतात. भिंत जाड आणि ताठ होते. असं हृदय नीट सैल पडत नाही, म्हणून त्यात पुरेसं रक्त भरत नाही.

दुसरं नुकसान रक्तवाहिन्यांचं. अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या धमन्या. त्यांच्यापासून फुटून स्नायूत शिरणाऱ्या, केसाहून बारीक वाहिन्या तिथे दिसत नाहीत. अमायलॉइड त्यांच्या भिंतीत आणि भोवती साठतं. वस्तीपर्यंत आलेली पाण्याची मोठी लाइन ठीक असली, तरी गल्लीतल्या बारीक पाइपात गाळ बसला तर हंडा भरत नाही. तसंच इथे होतं. चालताना निरोगी हृदयाचा रक्तपुरवठा गरजेप्रमाणे वाढतो. या हृदयात तो पुरेसा वाढत नाही. मोठी नळी मोकळी असूनही छाती दुखण्याचं हे एक कारण आहे.

पुढे काय होणार?

हे आजाराच्या प्रकारावर ठरतं. एएल प्रकारात दोष हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा असतो. हा वेगाने वाढतो. हृदय कमजोर पडल्यावर उपचार झाले नाहीत, तर अनेक रुग्णांच्या हाती जेमतेम सहा महिने उरतात. एटीटीआर प्रकारात दोषी प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होतं. हा सावकाश वाढतो. बहुतेक वेळा साठीनंतरच्या पुरुषांत आढळतो, तर काही घराण्यांत पिढीजात असतो. पिढीजात निघाल्यास भावंडांची व मुलांची तपासणीही डॉक्टरांना विचारावी.

आजार किती पुढे गेला आहे, हे रक्तातल्या ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी या तपासण्यांवरून कळतं. स्नायूच्या पेशी दुखावल्या की ट्रोपोनिन वाढतं. हृदयावर ताण आला की दुसरं वाढतं. दोन्ही जास्त असतील तर धोका जास्त.

मात्र आता उपचार आहेत. एटीटीआरसाठी टॅफामिडिस या औषधाची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ४४१ रुग्णांवर ३० महिने ती चालली. औषध न मिळालेल्यांत शंभरातले सुमारे ४३ दगावले, मिळालेल्यांत सुमारे ३०. एएलमध्ये प्लाझ्मा पेशींवर केमोथेरपी आणि डाराट्युमुमॅबसारखी औषधं देतात. टॅफामिडिस नवा साठा रोखतं, पण आधी बसलेला साठा काढत नाही. म्हणून आजार लवकर ओळखणं हाच खरा फायदा.

या खुणा लक्षात ठेवा

- धाप, घोट्यांना सूज, उभं राहताच चक्कर
- दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या किंवा मनगटाची नस दबल्याचं ऑपरेशन. ही खूण हृदयाच्या त्रासाच्या कित्येक वर्षं आधीही दिसू शकते.
- पूर्वी लागणारी बीपीची गोळी आता जड जाणं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.
- जीभ मोठी होणं, डोळ्यांभोवती जांभळे डाग (एएल प्रकारात)

डॉक्टरांना काय विचारावं?

इकोमध्ये भिंत जाड, पण ईसीजीतल्या लहरी मात्र लहान, असं दिसलं तर सरळ विचारा, "हा अमायलॉइड तर नाही ना?" पुढे रक्त आणि लघवीची लाइट चेनसाठी तपासणी होते. एटीटीआरचा संशय असेल तर खास आयसोटोप स्कॅन करतात. कधी शरीराचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. लाइट चेनची तपासणी टाळून फक्त स्कॅनवर निदान करू नये, कारण दोन्ही प्रकारांचे उपचार वेगळे आहेत.

ही औषधं महाग आहेत. म्हणून सरकारी रुग्णालयात गेल्यावर जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे आपला उपचार योजनेत बसतो का, हे पहिल्याच दिवशी विचारा. जुने इको, ईसीजी आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या. भिंत वर्षागणिक जाड होत गेली का, हे त्या जुन्या कागदांवरूनच डॉक्टरांना कळतं.