तुलनेच्या ४७ गावांची नोंदवही

संशोधन पद्धती म्हटले की प्रश्नावली, तक्ते आणि प्रबंधातले सगळ्यांनी गाळून वाचायचे ते प्रकरण आठवते. तिचा गाभा मात्र एकाच अडचणीच्या प्रश्नात आहे: आपण काहीच केले नसते, तर काय झाले असते? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीत नवजात बाळांवर केलेला अभ्यास पाहिला, की या प्रश्नाचे उत्तर किती कष्टाने मिळते ते कळते. ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब मिळते का पाहणे, जंतुदोष ओळखणे, गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या घरी जाऊन करू लागल्या. हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. पण एवढ्याने उपचाराचा गुण सिद्ध होत नाही. त्याच काळात पीकपाणी सुधारले असेल, रस्ता झाला असेल, सरकारी दवाखाना नीट चालू लागला असेल. म्हणून आणखी ४७ गावांतही जन्म-मृत्यू नोंदले गेले. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा होत्या, आरोग्यदूत नव्हत्या. तिथला दर ५८ च्या आसपास होता, तो ६० च्या आसपास राहिला. या अभ्यासातली सर्वांत मोलाची नोंदवही मी याच गावांची मानतो.

मग त्या गावांतली बाळे वाऱ्यावर सोडली का? आक्षेप रास्त आहे. पण आजारी नवजात बाळाला रुग्णालयातच न्यावे, हा तेव्हाचा वैद्यकीय दंडक होता. घरी दिलेले इंजेक्शन तारेल की मारेल, हेच तपासायचे होते. गुण सिद्ध झाल्यावर मात्र कोणालाही वंचित ठेवायला सबब उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, मग संस्थेवरचा लोकांचा विश्वासच कामी आला नसेल कशावरून? सुरुवातीचे दर जवळपास सारखे होते, हे त्याचे अर्धेच उत्तर. उरलेले बांगलादेशातल्या सिल्हेटमधून आले. तिथे वाटणी चिठ्ठीच्या तत्त्वाने झाली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत घरभेटींच्या भागातली घट ३४ टक्के भरली. गडचिरोलीची, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्के होती. भारतात २०११ पासून आशा कार्यकर्त्या अशाच घरभेटी देतात. त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे ठरवताना सिल्हेटचा आकडा हाताशी धरलेला बरा.