तारीख सरकते, शास्त्री रस्ता अडतो

पुण्यात अलका टॉकीज चौकातून दांडेकर पुलाकडे जाणारा लाल बहादूर शास्त्री रस्ता बंद झाला, की आसपासच्या पेठा ओळखतात: एमपीएससीची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं पुन्हा रस्त्यावर बसली. वाहनं गल्लीबोळांत शिरतात, कामावरून परतणारे वैतागतात. त्यांचा त्रास खरा आहे. पण मुलं का बसतात, हेही समजून घ्यायला हवं.

11 मार्च 2021, गुरुवार. राज्यसेवा पूर्वपरीक्षा रविवारी होती. मूळ तारीख 5 एप्रिल 2020 ची. ती आधीच अनेकदा हुकलेली. करोनामुळे ती पुन्हा पुढे गेल्याचं कळलं आणि नवी पेठ, सदाशिव पेठेतली मुलं अभ्यासिकांतून थेट रस्त्यावर आली. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांना बोलावं लागलं. परीक्षा 21 मार्चला झाली.

तारीख गेली तर एवढं काय बिघडतं? इथला सगळा हिशेब महिन्याचा. खोलीतली एक कॉट, मेस, अभ्यासिकेतली खुर्ची, तिन्हींचे पैसे वेगळे. घरच्यांनी सोयाबीन विकून पाठवलेली रक्कम परीक्षेपर्यंत पुरवायची असते. परीक्षा लांबली, की आधी एक वेळची मेस बंद होते, मग घरी फोन करणं टाळलं जातं. शिवाय वय थांबत नाही: खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43 ही मर्यादा.

फेब्रुवारी 2023 मध्ये मुलं मुख्य परीक्षेची वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहिण्याची पद्धत लगेच नको म्हणून बसली. ती 2025 पासून लागू करायचं ठरलं. ऑगस्ट 2024 मध्ये मागणी 2021 च्या उलट होती: परीक्षा पुढे ढकला. 28 एप्रिलची पूर्वपरीक्षा सरकत 25 ऑगस्टवर आली आणि नेमकी आयबीपीएसच्या बँकभरती परीक्षेवर आदळली. कृषी सेवेच्या 258 जागाही तीत धरा, असं मुलांचं म्हणणं होतं. 22 ऑगस्टला परीक्षा पुढे गेली; झाली 1 डिसेंबरला.

तिन्ही वेळा रस्ता अडल्यावरच निर्णय फिरला. मुलांनी यातून काय शिकायचं? माझ्या मते दोष त्यांच्याकडे नाही. आयबीपीएसचं वेळापत्रक जानेवारीतच जाहीर होतं. कोणत्या खात्यात किती जागा भरायच्या, याचं मागणीपत्र सरकारकडूनच आयोगाकडे जातं. खात्यांनी ही मागणीपत्रं वेळेत पाठवावीत आणि आयोगाने दुसऱ्या परीक्षांचं वेळापत्रक पाहूनच आपला रविवार ठरवावा. ठरवला, की तो पाळावा.